काकीची कौलं पांढरी

आमच्या घराचं दार उलटं आहे.

घर म्हसावदच्या शिवारात, पपईच्या बागेच्या बांधाला. रस्त्यावरून येणाऱ्याला आधी आमची पाठ दिसते: कुडाची भिंत, तिला टेकवलेला फवारणीचा पंप, दोरीवरची धुणी. दार पलीकडच्या अंगाला, उत्तरेकडे तोंड करून. बा ज्यांच्याकडे सालदार आहे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबतो, त्या मालकाची म्हातारी आई पहिल्या दिवसापासून यावर बोलत आली आहे. "तुन्हा बापनी दार उलटं कसाले बसाडं व माय? लक्ष्मी रस्ताकडथून येस, डोंगरकडथून नही." बा हसायचा, मान हलवायचा आणि दार तिथंच ठेवायचा. तिला वाटायचं, डोंगरातली माणसं, यांना घराची दिशा काय कळणार. मला तिचा राग यायचा. आता तितका येत नाही. ती निदान विचारत तरी होती.

दार उत्तरेला आहे, कारण तोरणमाळच्या पठारामागे आमचं घर होतं तेव्हा त्याचं दार काकीच्या घराकडे होतं. बाने घर इथं उभं केलं ते पुन्हा काकीकडे तोंड करून. मधे एवढा डोंगर आणि एवढं शिवार आलं, ते त्याने धरलंच नाही.

होय, तेच घर. आमच्यात घर सोडून जात नाहीत, उचलून नेतात. सागाचे खांब, आढं, वासे, दाराची फळी, आजोबांच्या हातची कौलं, सगळं उतरवायचं, पेंढ्यात गुंडाळायचं आणि नव्या जागी जोडायचं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आमचं घर आडवं होऊन घाट उतरलं. मी तेव्हा आश्रमशाळेतून सुट्टीवर आले होते आणि मधल्या खांबावर बसून खाली आले. त्या खांबाला चुलीच्या बाजूने काजळीचा जाड थर आहे. तो अजून आहे. आई सणाला बाकीचे खांब पुसते, तो पुसत नाही.

आम्हाला कोणी हाकललं नाही. मी आदिवासी संघटनेची पत्रकं लिहिते. पत्रकाला कोणीतरी हाकललेलं लागतं, म्हणून हे सांगताना माझी अडचण होते. आमच्या पाड्यावर ना धरणाचं पाणी आलं, ना बुलडोझर. झऱ्याचं पाणी होळीच्या आत आटायला लागलं. शाळेत गुरुजी यायचे ते पगाराच्या आठवड्यात. पाड्यातली माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातमध्ये जायची ती होळीला परत यायची, मग काही जण होळीलाही यायचे थांबले. असं रोज थोडं थोडं कोणी कमी झालं, की त्याला विस्थापन म्हणत नाहीत. त्याला काहीच म्हणत नाहीत. ज्याला नाव नाही त्याला मोबदलाही नाही, आणि कोणाला जाब विचारावा तर समोर खुर्चीच नाही. हे मी एकदा पत्रकात लिहिलं होतं. कार्यकर्त्यांनी ते गाळलं. म्हणाले, मागणी काय आहे ते कळत नाही.

मागणी मलाही कळत नव्हती. मला थंडी आठवत होती.

आमच्या वरच्या थंडीला शहादा-नंदुरबारमध्ये आता बर्फ म्हणतात. पेपरात दरवर्षी येतं, दवबिंदू गोठले, सातपुड्यात काश्मीर. आम्ही नुसतं पांढरं पडलं म्हणायचो. रात्री आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला, की बा सांगायचा, उद्या पांढरं पडणार. सकाळी उठून बघावं तर गवताची एकेक काडी जाड झालेली. चाऱ्याच्या गंजीवर, शेणाच्या पोवांवर, बाहेर राहिलेल्या खाटेच्या दोरीवर मीठ सांडल्यासारखं. हंड्यातल्या पाण्यावर दुधासारखी साय धरायची, ती आई पळीच्या दांड्याने फोडायची. आम्ही पोरं थाळी घेऊन गंजीवरचं पांढरं खरवडायचो, त्यावर गूळ किसायचो आणि खायचो. जीभ बधिर व्हायची. आई ओरडायची की घसा धरेल. धरायचा.

चपला नव्हत्या. त्या पांढऱ्यावर अनवाणी चाललं की टाचांना भाजल्यासारखं व्हायचं. त्यावर उपाय होता. बैलाला ढोसून उठवायचं आणि तो रात्रभर बसलेल्या जागेवर दोन्ही पाय ठेवून उभं राहायचं. ती जमीन चुलीजवळच्या जमिनीइतकी उबदार. त्या जागेसाठी मी आणि धाकटा भाऊ भांडायचो. तांबडा बैल गरीब होता, लगेच उठायचा. पांढरा उठायचा नाही, त्यामुळे भावाच्या वाट्याला कायम पांढरा यायचा.

गंमत वाटते ना ऐकायला? मग हेही ऐका. पांढरं पडलं की तूर जळते. फुलांसकट काळी पडते, शिजवल्यासारखी. सकाळी गुळाबरोबर खाल्लेलं ते दुपारी शेतात काळं होऊन उभं असायचं आणि बा बांधावर बसून एकेक शेंग बोटांनी दाबून बघायचा. त्याचे फोटो काढायला कधी कोणी आलं नाही.

तर काकी. ती नात्याने काकी नव्हे. आमच्या घरासमोर खोल घळ होती आणि घळीच्या पलीकडच्या उतारावर तिचं घर. आमची घरं तशीच असतात, ज्याच्या त्याच्या शेतात, एकमेकांपासून लांब. हाक मारली तर पोचते, पण जायचं म्हटलं तर घळ उतरून पुन्हा चढावी लागते. तिचा नवरा मी पाहिलेला नाही. मुलगे मोठे होऊन सुरतकडे गेले. ती, तिच्या शेळ्या आणि तिची जीभ, एवढंच तिथं राहिलं होतं.

थंडीत या दोन घरांमध्ये एक रीत होती. आमचं घर उंचावर, म्हणून आधी आमची चूल पेटायची. उजाडायच्या आत आई चूल फुंकायची, कौलांच्या फटींतून धूर वर जायचा, आणि तो बघून पलीकडे काकी तिची चूल पेटवायची. बा दारात उभा राहून वाट बघायचा. पलीकडे धूर निघाला की एकच शब्द बोलायचा. "उठली." मग बैलांकडे जायचा. काकीचा धूर दिसेपर्यंत तो गोठ्याकडे पाऊल टाकायचा नाही, कितीही काम असो. एकदा धूर आला नाही, तेव्हा तो तसाच घळ उतरून गेला होता. काकीला ताप होता. तिने त्याला आल्या आल्या शिव्या दिल्या, की मेले आहे का ते बघायला आलास, जिवंत आहे, आता आलाच आहेस तर शेळ्यांना पाला टाक. बाने पाला टाकला.

पांढरं पडलेल्या दिवशी धुराआधीही कळायचं. रात्रभर विस्तव राखलेला असला की चुलीवरची कौलं गरम राहतात आणि तेवढ्या जागी पांढरं धरत नाही. सगळं छप्पर पांढरंशुभ्र आणि मधे एक काळा ठिपका. उजाडताना पलीकडच्या उतारावर धूर दिसत नसेल तरी तो ठिपका दिसायचा. खाली माणूस आहे, ऊब आहे, एवढं त्यावरून कळायचं. ही काही मोठी विद्या नव्हे. थंडीत राहणाऱ्या कोणालाही कळेल. खाली पपईच्या बागेत राहणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, एवढंच.

घर उतरवलं तेव्हा बाने काकीला सोबत चल म्हणून खूप सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या मालकाकडे माझ्या शेळ्यांना कोण चरू देईल? ते खरंच होतं. इथे मालकाच्या बांधाला शेळीने तोंड लावलं तर गावात पंचायत बसते. ट्रॉली निघाली तेव्हा काकी घळीच्या पलीकडे उभी होती. तिने हात केला नाही, काही ओरडलीही नाही. नंतर आई म्हणाली, ती आमच्याकडे बघत नव्हती, घर होतं त्या जागेकडे बघत होती.

आणि खाली आल्यावर बाने दार उत्तरेला बसवलं.

खाली थंडी असते, पण ती निराळी. अंगाला लागते आणि निघून जाते. मालकाची आई म्हणते, "तुमले कसानं हिव वाजस? तुम्ही ते डोंगरना." वर आम्ही सगळे चुलीभोवती झोपायचो, पाय विस्तवाकडे आणि डोकी बाहेर. एकाने कूस बदलली की सगळ्यांना बदलावी लागायची. इथे मधला खांब तोच, पण त्याच्याजवळ चूल नाही. मालकाने गॅसची शेगडी दिली आहे, ती भिंतीकडे. आई-बा एका कोपऱ्यात झोपतात, भाऊ मोटारीच्या खोलीत, कारण रात्री वीज आली की बागेला पाणी सोडायचं असतं. मी शहाद्याला संघटनेच्या खोलीत सतरंजीवर. तिथे रात्री पत्रकांचे गठ्ठे, झेंड्याच्या काठ्या आणि मी. सभेला शेकडो माणसं जमवून परत आल्यावर त्या खोलीचं कुलूप उघडायला नको वाटतं. पाय कुणीकडे करून झोपावं ते अजून कळत नाही.

यंदाच्या थंडीत मी दोन दिवस घरी आले होते. सकाळी भावाच्या फोनवर फोटो आला. कुठल्या तरी ग्रुपवर, शंभर ठिकाणांहून फिरून आलेला. सातपुड्यात काश्मीर, खाली हसरे चेहरे. एका गाडीची पांढरी झालेली काच, तिच्यावर कोणीतरी बोटाने बदाम काढलेला. भावाने तो बाला दाखवला, की बघ, आपली जागा.

आपलीच जागा होती. घर उचलल्यावर ती रिकामी दिसली, रिकामी दिसली म्हणून कोणीतरी तिथे लोखंडी कठडा बसवला, फरश्या टाकल्या आणि गाड्या लावायची सोय केली. आमच्या खळ्यावर गाड्या उभ्या राहतात. पाड्यापर्यंत रस्ता द्या म्हणून आमच्या माणसांनी किती चपला झिजवल्या. आता रस्ता आला, तो पाड्याच्या अलीकडे, दरी चांगली दिसते तिथे थांबला. यावर मी पत्रक लिहिलेलं आहे आणि ते मात्र कोणी गाळलं नाही.

मी तेच बोलायला लागले होते. बाने हात वर करून मला थांबवलं. त्याने फोन डोळ्यांजवळ नेला, भावाला म्हणाला, हे मोठं कर. भावाने बदाम मोठा केला. बा म्हणाला, ते नाही, मागचं. गाडीच्या मागे, कठड्याच्या मागे, घळीच्या पलीकडचा उतार होता आणि त्यावर नखाएवढं एक घर.

बा बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "कौलं सगळी पांढरी."

भावाला काही कळलं नाही. तो म्हणाला, पांढरीच असणार, थंडी आहे ना. शेगडीपाशी भाकरी थापणाऱ्या आईचे हात थांबले. तिने गॅस बंद केला.

काकीच्या छपरावर काळा ठिपका नव्हता. धूरही नव्हता. रात्रभर त्या घरात विस्तव नव्हता, आणि ज्या रात्री गाडीची काच गोठते त्या रात्री विस्तवाशिवाय कोण राहतं?

काकीच्या मोठ्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, होळीला बघितलं होतं, बरी होती. गेल्या होळीला. पाड्यावर कोणाला विचारावं तर सगळे ऊसतोडीला गेलेले. तिच्याकडे फोन नाही आणि असता तरी घळीच्या त्या बाजूला रेंज नाही. रेंज कठड्यापाशी आहे, फोटो पाठवण्यापुरती.

बा मालकाकडे सुट्टी मागायला गेला. पपईची तोडणी चालू होती, व्यापाऱ्याची गाडी लागलेली. मालक वाईट माणूस नाही, त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, गाडी भरली की परवा जा. बा परत येऊन दारात उभा राहिला. समोर धुकं होतं. डोंगरही दिसत नव्हता, पण तो बघत होता. मी चप्पल घातली आणि म्हणाले, मी जाते. तो म्हणाला, वर गेलीस की आधी छपराकडे बघ, मग हाक मार. मग म्हणाला, हाकेला उत्तर आलं नाही तर एकटी आत जाऊ नको.

जीपने घाट चढले. गाडीत पुण्याकडची दोन माणसं होती. ती ड्रायव्हरला विचारत होती की बर्फ उद्याही नक्की पडेल ना. ड्रायव्हर पडेल म्हणाला, जणू तो त्याच्याच हातात आहे. मी खिडकीला डोकं टेकून गप्प बसले. एरवी मी जीपमध्येही भाषण करते, पण त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं कोणास ठाऊक. घाटातल्या प्रत्येक वळणाला मला एकच वाटत होतं, की हे वळण संपू नये. वळणं संपेपर्यंत काकी जिवंत होती.

कठड्यापाशी उतरले तेव्हा दुपार टळत होती. पांढरं केव्हाच वितळून गेलं होतं. छप्पर म्हणजे नुसती कौलं. बघण्यासारखं काही नव्हतं. मी हाक मारली. घळीतून माझीच हाक परत आली. पुन्हा मारली. मग तिकडून एक शेळी ओरडली, आणि तिच्यामागून काकीचा आवाज आला. आमच्या पावरी बोलीत ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात, कोण माझ्या शेळ्या बिथरवतंय, असं ती विचारत होती.

मी कठड्याला धरून खाली बसले. मग उठून घळ उतरले.

काकी वाळली होती, पण उभी होती. मला ओळखायला तिला वेळ लागला. ओळखल्यावर म्हणाली, एवढी मोठी झालीस आणि अजून लग्न नाही, बाप काय झोपला आहे का? मी म्हटलं, बा झोपत नाही म्हणूनच आले. तिला फोटो दाखवला. तिने स्वतःचं घर बघितलं, गाडीवरचा बदाम बघितला आणि हे कशाला काढतात ते विचारलं. मी म्हटलं, ते राहू दे, रात्री विस्तव का नव्हता ते सांग.

ती मला आत घेऊन गेली. चूल थंड होती. तिचं अंथरूण चुलीजवळ नव्हतंच. ते कुडाच्या पलीकडे, शेळ्यांच्या खणात होतं. पेंढा, त्यावर गोधडी, आणि दोन्ही बाजूंना शेळ्या बसलेल्याचे खळगे. ती रात्री त्यांच्यात झोपायची. सकाळी उन्हं अंगावर आल्यावर उठायची आणि दुपारी एकदाच चूल पेटवून भाकरी करायची.

"एकटीसाठी रात्रभर लाकूड कोण जाळेल?" ती म्हणाली. "आणि सकाळी पेटवून कोणाला दाखवू? तुमचं घर गेलं. आधी तिकडून धूर यायचा, मग मी पेटवायचे. आता तिकडून काय येतं? गाड्या येतात."

मी तिला लाकडाचं सांगितलं, म्हातारपणाचं सांगितलं, निराधारांच्या पैशांचं सांगितलं. हे सगळं मी गावोगाव सांगते आणि माणसं माना डोलावतात. काकीने ऐकलं आणि मधेच उठून शेळीच्या तोंडातून माझ्या ओढणीचं टोक सोडवलं. तिला यातलं काही नको होतं असं नाही. पैसे आले तर घेईन म्हणाली. पण मी जे विचारलं होतं त्याचं उत्तर तिने दिलं होतं, आणि त्याला माझ्याकडे पत्रक नव्हतं.

त्या रात्री पाहुणी आली म्हणून तिने चूल राखली. आम्ही दोघी विस्तवाकडे पाय करून झोपलो. शेळ्यांना ते पटलं नाही, त्या कुडाला शिंगं घासत राहिल्या.

उजाडायच्या आत तिने मला हलवलं. तिने राखेतून निखारे उकरून एका फुटक्या कौलावर घेतले होते, वर राख पसरलेली. ते माझ्या हातात देऊन म्हणाली, "जा. तुमचा आधी."

मी घळ उतरले. पांढरं पडलं होतं. गवत पायांखाली करकरत होतं आणि चपलेच्या फटीतून टाचेला ते जुनं भाजणं लागत होतं. एका हातात कौल, दुसऱ्या हाताने झुडपं धरत वर चढले. आमची चूल होती ती जागा मी डोळे मिटून दाखवली असती. तिथे आता लाल-पिवळ्या फरश्या आहेत. मी फरशीवर निखारे ठेवले, घळीतून आणलेल्या काटक्या रचल्या आणि गुडघ्यांवर बसून फुंकर मारली. काटक्या ओल्या होत्या. आधी नुसता धूर झाला. तोच तर हवा होता.

तेवढ्यात गाड्या आल्या. जीपमधली ती दोघं होती, आणखीही होते, टोप्या, मफलर, फोन लावायच्या काठ्या. त्यांनी फोटो काढायला सुरुवात केली. मग त्यांच्यातला एक तरुण माझ्याजवळ आला. नम्रपणे बोलला, हे मान्य करायला हवं.

"ताई, जरा वेळ धूर थांबवता का? फ्रेममध्ये येतोय."

माझ्या डोक्यात एक अख्खी सभा उभी राहिली. या जागेवर माझा जन्म झाला इथपासून सुरुवात होती. पण तेवढ्यात पलीकडे बघितलं आणि ती सभा तिथेच मोडली. घळीपलीकडे सगळं पांढरं होतं. उतार पांढरा, छप्पर पांढरं, आणि छपराच्या मधे काळा ठिपका. धूर मात्र नव्हता अजून. मी उभी राहिले. बा उभा राहायचा तिथेच, फक्त दार नव्हतं. काकीला माझा धूर दिसला असेल का? गाड्यांच्या मागे झाकला गेला असेल का? मी त्या तरुणाला म्हटलं, गाडी बाजूला घे. त्याने जाऊन गाडी मागे घेतली. बहुतेक माझा चेहरा तसा असेल.

मग कौलांच्या फटींतून धूर निघाला. आधी बारीक, मग ठिपक्यावरून सरळ वर. वारा नव्हता.

मी त्या तरुणाला बोलावलं. म्हटलं, तुझ्या त्या मोठ्या कॅमेऱ्याने ते घर काढ. काय आहे तिथे, त्याने विचारलं. मी म्हटलं, माझी काकी उठली आहे. त्याने मोठं करून बघितलं, दोन-तीन फोटो काढले, आणि तिथेच फोनवर घेऊन मला पाठवले. मी ते भावाला पाठवले. थोड्या वेळाने फोनवर भावाचा आवाज आला, वाऱ्यात बोलल्यासारखा, मागे पपयांचे क्रेट आपटल्याचे आवाज. म्हणाला, बाला दाखवला. बा 'उठली' म्हणाला आणि गाडी भरायला गेला.

निघताना काकी घळीपर्यंत आली. मी पुन्हा म्हटलं, चल खाली, शेळ्यांचं बघू काहीतरी. तिने माझ्या हातातलं फुटकं कौल परत घेतलं, राख झटकली आणि विचारलं, "मग उद्या कोण पेटवणार?"

मी ओढणी कमरेला खोचली आणि घळीत उतरले. तिने जोर केला नाही. चढताना मी मागे बघितलं तेव्हा ती कौल काखेत धरून उभी होती. या वेळी ती माझ्याकडेच बघत होती.

ही गोष्ट मी कार्यकर्त्यांना सांगितली. त्यांनी नीट ऐकलं. एक म्हणाला, वृद्ध एकाकी महिलांच्या मागणीत घालता येईल. मी घालते आहे. घालायलाच हवं, पेन्शन हवी, पाड्यापर्यंत रस्ता हवा, लाकूड घरपोच हवं, आणि त्यासाठी मी कोणाच्याही दारात बसायला तयार आहे. पण त्यातलं काहीही मिळालं तरी सकाळी समोरचा धूर मिळणार नाही. तो मागायचा कुणाकडे?

बा तोडणी संपल्यावर जाऊन आला. एक रात्र राहिला, लाकडं फोडून रचून आला. काकीने त्याला कबूल केलं की पांढरं पडलेल्या सकाळी ती पेटवेल. कारण त्या सकाळी माणसं येतात, फोटो काढतात, आणि कुठल्या तरी फोटोत ते येईल. तेव्हापासून थंडी वाढली की भाऊ सकाळी फोनवर फोटो शोधतो. गाड्या, बदाम, थाळीत बर्फ घेतलेल्या बायका सरकवत जातो आणि मागे काकीचं छप्पर सापडलं की बाला हाक मारतो. बा हात पुसत येतो, बघतो, जातो. अनोळखी माणसं आमच्यासाठी राबत आहेत आणि त्यांना ते माहीत नाही.

पण पांढरं काही रोज पडत नाही. आभाळ आलं, वारा सुटला, की थंडी नुसती थंडीच राहते. तेव्हा वर कोणी जात नाही. काल मी घरी होते. आभाळ भरलेलं होतं. भावाने बराच वेळ फोन चाळला आणि म्हणाला, आज काहीच नाही.

बा दारात होता. त्याने डोंगराच्या दिशेने बघितलं, मग भावाकडे. म्हणाला, "आज कोणी गेलं नाही वाटतं." आणि तो तिथेच उभा राहिला. मोटार चालू झाल्याचा आवाज आला, बागेत पाणी सुटलं, मालकाची आई रस्त्याच्या बाजूने बाला हाका मारत होती. तिला घराची पाठ दिसत होती. मी बाहेर जाऊन तिला सांगितलं, येतोय म्हणून.